कंप थांबला, पण पुढचे कोण सांगणार?

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स. हात थरथरतो, पाऊल अडते, चेहरा निर्विकार होतो. गोळ्या काही वर्षे साथ देतात, मग त्यांचा असर मध्येच उतरू लागतो. अशा निवडक रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा घालतात, छातीच्या कातडीखाली बॅटरीचे यंत्र बसवतात आणि सौम्य वीज सोडत राहतात. हीच 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' शस्त्रक्रिया. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली तिचा पाया घातला. घास तोंडापर्यंत न पोचणारा माणूस तिच्यामुळे स्वतःच्या हाताने जेवू लागतो. विज्ञानाच्या या देणगीचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु ही शस्त्रक्रिया रोग मुळापासून बरा करीत नाही, हे आधी ठणकावून सांगितले पाहिजे. शंभरातील एक-दोघांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जखमेत जंतुसंसर्ग होतो, तार तुटते वा सरकते. हाताचा कंप थांबतो, पण बोलणे अडखळते, तोल जातो. २०१९ साली झुरिकच्या डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांची नोंद केली, ज्यांना पूर्वी उत्तम पोहता येत होते आणि यंत्र बसवल्यावर येईनासे झाले!

त्याहून अवघड आहे मनाचे. कुणी उदास होतो, कुणी निरिच्छ, तर कुणाचा उतावळेपणा अनावर होतो. आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. घरचे म्हणतात, "म्हातारा बिघडला." हा माणसाचा दोष नसून कदाचित विजेच्या मात्रेचा परिणाम आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. मात्रा बदलून यातील बरेच त्रास कमी करता येतात. पण ठाऊकच नसेल तर माणूस डॉक्टरकडे जाईल कशाला?

आणि बॅटरीचे काय? साधी बॅटरी सुमारे तीन ते पाच वर्षांत संपते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च. ती अचानक बंद पडली तर शरीर ताठरते, जिवावरही बेतू शकते. गुडघा दुखतो म्हणून अशा रुग्णाने डायथर्मीचा विद्युत शेक घेतला, तर तारेतून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कर्ज काढून शस्त्रक्रिया करणाऱ्या कुटुंबाला हे सारे आधी कळायला नको काय?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. इंग्रजी कागदावर उमटवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे!

म्हणून आमची मागणी साधी आहे. धोक्यांची माहिती मराठीत, घरच्यांसमोर, शस्त्रक्रियेआधी द्या. बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी सांगा. मनाच्या तपासणीची सोय ठेवा. आणि रुग्णांनो, प्रश्न विचारायला संकोचू नका. मेंदू तुमचा आहे, निर्णयही तुमचाच असला पाहिजे.