टॅब आला, अ‍ॅप आलं. पण गुरुजींना शिकायला वेळ कुठाय?

जिल्हा परिषदेच्या शाळेत टीव्ही बसला, टॅब आले की गावच्या ग्रुपवर फोटो फिरतात. वर्षभरानं तोच टीव्ही कापडाखाली झाकलेला दिसला तर मात्र कुणी विचारत नाही. दोष यंत्राचा की मास्तरांचा, यावर पारावर वाद होतो. पण हे यंत्र वापरून शिकवायचं कसं, हे शिक्षकाला कुणी आणि कधी शिकवलं, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

कागदावर काय आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तास प्रशिक्षणाची संधी मिळायला हवी. मुख्याध्यापकांनाही तेवढेच तास, आणि त्यात शाळा चालवण्याचं, नेतृत्वाचं प्रशिक्षण. 'दीक्षा' हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. 'निष्ठा' प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं आणि कोरोनाच्या काळात २०२० मध्ये ऑनलाइन आलं. त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आरटीई कायद्याआधी नेमणूक झालेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं बंधनकारक केलं. म्हणजे पन्नाशीला टेकलेले गुरुजीही आता पुस्तक उघडून बसलेत.

५० तास म्हणजे किती? आठवड्याला जेमतेम एक तास. ऐकायला काहीच नाही. मग अडतंय कुठं?

दोन शिक्षकी शाळेचं गणित

आरटीई कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा तर पट १५० च्या वर पाहिजे. वाडी-वस्तीवर एवढा पट आणायचा कुठून? मग दोघांपैकी एक जण वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचा कारभार बघतो. एक जण प्रशिक्षणाला तालुक्याला गेला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

त्यात मोबाईलचं काम. हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराची नोंद ऑनलाइन, यू-डायसची माहिती ऑनलाइन. बीएलओचं कामही अनेकदा शिक्षकांकडेच. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं आरटीईचं कलम २७ सांगतं. पण शिकवण्याच्या नावाखालीच माहिती भरायचं काम एवढं वाढलंय, की तंत्रज्ञान म्हटलं की शिक्षकाला आधी 'आज काय भरायचंय' हेच आठवतं. मग प्रशिक्षणाचा व्हिडिओ एका बाजूला चालू, दुसऱ्या बाजूला रजिस्टर. प्रमाणपत्र मिळतं, वर्गात फरक पडत नाही.

परितेवाडीनं काय दाखवलं?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं नाव २०२० मध्ये जगभर गेलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पुस्तकावरचा क्यूआर कोड. पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकाची वेगळी. ही अडचण ओळखून ते आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि मग त्यांना क्यूआर कोड जोडले. अडचण आधी, यंत्र नंतर. कुठल्याही प्रशिक्षणात हाच क्रम असायला हवा.

एका हुशार शिक्षकाची बदली झाली की शाळा थंडावते, हेही आपण बघतो. म्हणून एकाला येतं ते केंद्रातल्या बाकीच्यांना शिकवण्याची सोय पाहिजे. त्यासाठीच केंद्रप्रमुख आणि केंद्राची शिक्षण परिषद आहे. तिथं नुसती परिपत्रकं वाचून वेळ गेला, तर शिकणं राहून जातं.

गावानं काय करायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा करण्याचं काम कायद्यानं याच समितीचं. पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा:

१. या वर्षी आपल्या शिक्षकांचं कोणतं प्रशिक्षण झालं? त्यातलं वर्गात काय सुरू झालं?
२. शिक्षक प्रशिक्षणाला गेले तर त्या दिवशी वर्ग कोण घेणार?
३. टीव्ही, टॅब बंद असतील तर कशामुळं? वीजबिल, नेट की दुरुस्ती?
४. ऑनलाइन माहिती भरायला गावातलं कुणी शिकलेलं पोरगं मदत करू शकेल का? आणि ग्रामपंचायत वीजबिलाचा भार उचलेल का?

हे प्रश्न गुरुजींना कोंडीत पकडायला विचारू नका. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षकाला आठवड्याचा एक तास शिकायला मिळावा, ही मागणी गावाकडून गेली तर तिला वजन येतं. शेवटी त्या तासाचा फायदा आपल्याच पोरांना होणार आहे.