दुखणे आणि दाखला

दिवाळी अंकाच्या पानांवर आजाराचा विषय काढू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. चकली मोडावी, पाने चाळावीत आणि चार घटका हसावे, एवढीच या पानांकडून वाचकांची अपेक्षा. परंतु या सदरातून आपण वर्षभर घरातल्याच गोष्टी बोलत आलो, आणि घर म्हटले की फराळाच्या डब्यांशेजारी औषधाच्या बाटल्यांचे फडताळही आलेच. शिवाय एक प्रश्न अलीकडे मला इतक्या ठिकाणी भेटला, कधी प्राध्यापकांच्या खोलीत, कधी लग्नाच्या पंगतीत, तर कधी लोकलच्या डब्यात, की तो आणखी पुढे ढकलणे बरे नव्हे. प्रश्न असा: "मुलगा दिसायला धडधाकट आहे हो, पण प्रकृती कायमची नाजूक. त्याला अपंगांच्या सवलती मिळतील का?"

विचारणाऱ्याचा आवाज 'अपंग' या शब्दाशी येताच हटकून खाली येतो. जणू शेजारचा ऐकेल! त्या खाली आलेल्या आवाजाविषयीच आज मला थोडे बोलायचे आहे. पण आधी प्रश्नाचे उत्तर देऊ.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मला आधी शब्दच दिसतात. 'विकलांग' गेला, 'अपंग' मागे पडला, आणि २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. आता सरकारदरबारी तोच रूढ आहे. शब्द बदलला तरी त्यातले 'अंग' काही सुटले नाही. हात, पाय, डोळा, कान यांत काही उणे दिसले, तरच आपण अपंगत्व मानणार, ही समजूत शब्दातच मुरलेली आहे. जे दुखणे अंगावर दिसत नाही, रक्तात वाहते किंवा मेंदूत दडून बसते, त्याचे काय?

गंमत अशी, की या बाबतीत कायदा आपल्या शब्दांच्या पुढे गेला आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आहे. सातांचे आता एकवीस झाले. या एकवीसांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आहेत. स्नायू क्षीण करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मनाचा आजार आहे, स्वमग्नता आहे, आणि अक्षरे-आकडे यांच्याशी जन्माचे भांडण असलेली अध्ययन अक्षमताही आहे. यांतले कितीतरी तरुण तुमच्या-आमच्या शेजारी बसून चहा पितात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा उत्तराचा पहिला भाग असा: होय, प्रकृती नाजूक असलेल्या तरुणालाही हे हक्क मिळू शकतात, मात्र त्याचे दुखणे या यादीत बसले पाहिजे. बालपणापासून इन्सुलिन टोचून घेणारा मधुमेही, हृदयाचे शस्त्रकर्म झालेली मुलगी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा तरुण, यांचे आजार यादीत नाहीत. त्यांना काहीच नाही असे नव्हे. आजाराच्या नावाने मिळणाऱ्या काही सोयी वेगळ्या वाटेने येतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या काही विशिष्ट रुग्णांना रेल्वे भाड्यात सूट देते. मधुमेही परीक्षार्थींना वर्गात साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ बाळगू देण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली दिली. पण ही रुग्णाची वाट झाली, अपंगत्वाची नव्हे. दोन्ही दारे एकच समजून लोक एका दारावर दुसऱ्याची घंटा वाजवत राहतात आणि हिरमुसले होऊन परततात.

दुसरा भाग टक्क्यांचा. यादीत नाव असले की भागले, असे नाही. शैक्षणिक आणि नोकरीतल्या आरक्षणासारखे मोठे लाभ हवे असतील, तर अपंगत्व निदान ४० टक्के असावे लागते. हे टक्के दुखण्याच्या वेदनेचे नव्हेत. वेदना मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. प्रत्येक प्रकारासाठी सरकारने मोजणीची रीत ठरवून दिली आहे, आणि वैद्यकीय अधिकारी त्या रीतीने आकडा काढतात. म्हणून एकाच आजाराच्या दोन भावांना दोन वेगळे आकडे मिळू शकतात.

तिसरा भाग लाभांचा. ४० टक्क्यांचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सवलत आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. येथे मात्र एक खाच आहे, ती पालकांनी ध्यानात ठेवावी. नोकरीच्या आरक्षणाचे कलम एकवीसही प्रकारांना लागू नाही. दृष्टी, श्रवण, चलनवलन, बौद्धिक व मानसिक अपंगत्व अशा गटांनाच ते लागू आहे, आणि रक्ताच्या तीन आजारांचे नाव त्यात नाही. म्हणजे थॅलेसेमियाची मुलगी राखीव जागेवरून महाविद्यालयात येईल, पदवी घेईल आणि नोकरीच्या दारात तिचे रक्त कायद्याच्या दृष्टीने एकाएकी निरोगी होईल! हा विरोधाभास माझ्या पदरचा नाही. कलम ३२ आणि कलम ३४ शेजारी ठेवून वाचले की कोणालाही दिसतो.

पैशाच्या मदतीचे म्हणाल, तर ती मुख्यतः गरिबांसाठी आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग लाभार्थींना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. पगारदार घर त्यात बसत नाही. अशा घराने वेगळ्या गोष्टीची चौकशी करावी. केंद्र सरकारच्या नोकराच्या पश्चात मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन एरवी २५ वर्षे वयापर्यंतच मिळते. पण जे अपत्य अपंगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, त्याला ते जन्मभर मिळू शकते. आईबापांच्या उशाशी जो प्रश्न रात्रभर जागा असतो, "आमच्यामागे याचे कसे?", त्याला हे थोडे तरी उत्तर आहे. आणि सरकारी नोकरीत लागल्यावर कोणाला अपंगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही. झेपेल असे दुसरे काम त्याच पगारावर द्यावे लागते.

आता त्या खाली आलेल्या आवाजाकडे वळतो.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी एक मुलगी शिकत होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे; पण महिन्यातून दोन-तीन दिवस हमखास गैरहजर, आणि आली तरी एखाद्या दिवशी बाकावर डोके टेकून बसलेली. हजेरी कमी भरलेल्यांच्या यादीत तिचे नाव दर सत्राला लागे, आणि दर सत्राला तिचे वडील एक चिठ्ठी घेऊन येत. चिठ्ठीत कारण एकच: 'घरगुती अडचण'. तिसऱ्या खेपेला मी त्यांना बसवून घेतले, तेव्हा ती घरगुती अडचण म्हणजे थॅलेसेमिया मेजर असल्याचे कळले. या आजारात दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त भरावे लागते. त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. हे सारे ती मुलगी दूधपित्या वयापासून करीत आली होती आणि घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हते.

मी त्यांना अधिनियमाविषयी सांगितले. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे, दाखला असेल तर हजेरीचा प्रश्न मला अधिकाराने मांडता येईल, हे सांगितले. ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, कागदावर एकदा आले की पुसता येत नाही. उद्या हिला पाहायला येतील, ते आधी कागद पाहतील."

या वाक्यावर हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला नाही. पत्रिकेतला मंगळ आपण लपवतो, चष्म्याचा नंबर लपवतो; तेथे हा बाप मुलीचे रक्त लपवीत होता. त्याचे भय खरे होते, कारण ते आपणच सर्वांनी मिळून तयार केलेले आहे.

उत्तर दिले ते मुलीने. ती म्हणाली, "बाबा, रक्त लपून घेता येते, पण हजेरी लपून लावता येत नाही."

तिने वयाची अठरा वर्षे पुरी केली होती. अर्ज तिने स्वतः केला. दाखला मिळाल्यावर तिचे रक्त काही बदलले नाही. पण चिठ्ठीवरचे 'घरगुती अडचण' हे शब्द गेले आणि त्या जागी खरे कारण आले. रक्त घेण्याच्या दिवशी बुडालेले तास भरून काढण्याची व्यवस्था झाली. मैत्रिणींना समजले तेव्हा त्यांनी आळीपाळीने तिच्यासाठी टिपणे काढली. इतकी वर्षे जिला 'नखरेल' म्हणून हिणवले, ती काय सोसत होती, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. खोट्या दाखल्यांच्या बातम्या आपण वाचतो. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून केवढा गदारोळ झाला, हे सर्वांना आठवत असेल. फसवून लाभ घेणाऱ्याला अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण अशा प्रत्येक बातमीनंतर संशयाची पहिली नजर जाते ती ज्याचे दुखणे दिसत नाही त्याच्यावर. कुबडी घेतलेल्याला कोणी पुरावा मागत नाही. थकून खाली बसलेल्या तरुणाला मात्र सगळे मागतात. खोटा दाखला सरकारला फसवतो, हे खरेच. पण त्याचा दंड खऱ्या आजाऱ्याला भरावा लागतो.

चाळीस टक्क्यांना न पोहोचणाऱ्यांचे काय, असेही कोणी विचारील. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल मोलाचा आहे. लिहिताना बोटे आखडण्याची व्याधी असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण तो चाळीस टक्क्यांत बसत नव्हता. न्यायालयाने सांगितले की, आरक्षणासाठी टक्क्यांची अट आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने, चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असले तरी लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी नियम काढले. कायद्याची व्याख्याही हेच सांगते. दीर्घकाळचे न्यून आणि भोवतालचे अडथळे, या दोहोंनी मिळून माणूस मागे पडतो. न्यून वैद्याकडे, अडथळे आपल्याकडे, अशी ही वाटणी आहे.

जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी. १ जून २०२१ पासून हे दाखले केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावरूनच मिळतात. त्याला जोडून वैश्विक ओळखपत्र येते. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, त्यापुढे निळा. अर्ज घरून भरला तरी तपासणीसाठी रुग्णालयात जावेच लागते. जुने कागद, तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयातून सोडतानाची पत्रे तारीखवार लावून न्यावीत. प्रकृतीत फेर पडण्याचा संभव असेल तर दाखला ठरावीक मुदतीचा मिळतो. त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आकडा पटला नाही तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. आणि हे सारे प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात करू नये. दहावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता आधीच दाखला हाती असावा.

दाखला काढला म्हणजे सवलत घेतलीच पाहिजे, असेही नाही. तो कपाटात राहू द्या. पण तो कपाटात असणे आणि मुळात नसणे यांत फार अंतर आहे. ज्या दिवशी अंगातले बळ सरते, त्या दिवशी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याचेही बळ उरलेले नसते.

या दिवाळीत घरोघरी नातलग जमतील. त्यांत एखादा पुतण्या, एखादी भाची लवकर थकून आतल्या खोलीत जाऊन पडेल. "आजकालच्या पोरांत दमच नाही," हे वाक्य ओठांवर येण्याआधी जरा आत डोकावून या. त्याला काय होते आहे ते विचारा, आणि सांगण्यासारखे काही निघालेच, तर आवाज खाली न आणता एवढेच म्हणा: "अर्ज कर, तपासणीला मी तुझ्याबरोबर येतो."