पुढच्यास ठेच, मागच्याचा कपाळमोक्ष

मंडळी, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराला हे काय सुचलं? विषय आहे सर्फबोर्ड. समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरत यायची ती लांबलचक फळी. मी काही तिच्यावर चढणार नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. पण ती फळी मोटारीच्या टपावर लोक कशी बांधतात, याबद्दल मला बोलायचंय. आणि जरा चढ्या आवाजात बोलायचंय.

मुलाकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आलो की सुट्टीच्या दिवशी सांताक्रूझच्या किनाऱ्यावर जाणं होतं. या गावाचा आणि या खेळाचा संबंध जुना आहे. १८८५ साली हवाई बेटांवरच्या तीन राजपुत्रांनी इथल्या नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्यांवरून लाटा कापल्या होत्या. त्या फळ्या चांगल्याच जड असत. आजची फळी म्हणजे आत फोम आणि वर फायबरग्लासचा पातळ थर. एका काखेत मारून पोरं धावत सुटतात. खरी गोम इथेच आहे. जड वस्तू पडते. हलकी आणि पसरट वस्तू उडते!

तिकडे जाणारा हायवे १७ हा डोंगरातून वळणं घेत जातो. मधे काँक्रीटची भिंत, कडेला थांबायला जागा बेताचीच. मागच्या गाडीला अचानक चुकवायचं म्हटलं तर कुठे जाणार? अशा रस्त्यावर मी काय काय पाहिलं सांगू? कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेल्या फळ्या. नुसत्या इलॅस्टिकच्या हुकांवर तरंगणाऱ्या फळ्या. आणि कळस म्हणजे खिडकीतून हात बाहेर काढून नुसत्या पंजाने दाबून धरलेली फळी. जणू काही हा हात म्हणजे भीमाचाच!

यांना विचारलं तर तीन उत्तरं ठरलेली असतात. आपली मराठी पोरंही त्यात मागे नाहीत, म्हणून एकेक करून घेतो.

पहिलं उत्तर, 'आजोबा, इथे तर जायचंय, पाच मिनिटांवर.' अरे, दोरी सुटायला पाच मिनिटं लागतात का? गाठ सैल असेल तर ती पहिल्या मैलातच सुटणार. अंतर कमी म्हणून वारा काही सवलत देत नाही.

दुसरं उत्तर, 'मी हळू चालवतो.' मी मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण एवढं मलाही ठाऊक आहे की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी तीस मैलांवर निमूट बसलेली फळी साठावर तशीच बसेल ही आशा भाबडी आहे. शिवाय समोरच्या काचेवर आपटलेला वारा वर चढतो आणि फळीच्या खाली शिरून तिला उचलू पाहतो. शेजारून ट्रक गेला की त्याचा झोत वेगळाच.

तिसरं उत्तर मला सर्वात जास्त झोंबतं. 'उडाली तर माझीच फळी जाईल ना!' नाही बाबा. तुझी फळी जाईल आणि मागच्याचा जीव जाईल. आपण म्हणतो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. हायवेवर ती म्हण उलटी होते. चूक पुढच्याची, आणि कपाळमोक्ष मागच्याचा. मागच्याला तुझी गाठ दिसत नाही, तपासता येत नाही. तो केवळ तुझ्यावर विश्वास ठेवून गाडी चालवत असतो.

हे म्हाताऱ्याचं भ्यायलेलं मन नव्हे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या प्रतिष्ठानाने २०१६ साली अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे अमेरिकेत दोन लाखांवर अपघात झाले, सुमारे ३९ हजार माणसं जखमी झाली आणि पाचशेहून अधिक मेली. यातले सुमारे दोन तृतीयांश अपघात वाहनावरून काही ना काही निखळून पडल्यामुळे झाले, म्हणजे देखभाल नीट नव्हती किंवा सामान नीट बांधलेलं नव्हतं. वॉशिंग्टन राज्यात २००४ साली एका ट्रेलरवरून उडालेला फर्निचरचा तुकडा मागच्या गाडीची काच फोडून आत शिरला आणि एका तरुण मुलीची दृष्टी कायमची गेली. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला. सामान नीट न बांधल्यामुळे कुणाला इजा झाली तर तो गुन्हा. कायदा चांगलाच झाला, पण मुलीचे डोळे परत आले का?

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो. हे म्हणतात, कायमचा रॅक बसवा, नाहीतर समुद्राकडे फिरकू नका. हेही मला मान्य नाही. कुणाची गाडी लीजवर, कुणाच्या टपाला रॅक अडकवायची सोयच नाही, कुणी वर्षातून चारदा जाणार. त्याने शेकडो डॉलर का घालावेत? रिकामा रॅक वर्षभर मिरवला तर वारा अडतो आणि पेट्रोल जास्त जळतं, ते वेगळंच. आणि महागड्या रॅकवरही गाठ ढिली असली तर फळी उडतेच की. रॅक विकत मिळतो, काळजी मिळत नाही.

मधला मार्ग सोपा आहे. टपावर आडव्या ठेवायच्या मऊ उशा आणि पट्टे बाजारात मिळतात. दोन उशा एकमेकींपासून जमेल तेवढ्या लांब ठेवायच्या. पट्टे दारातून आत घ्यायचे, खिडकीतून नव्हे, नाहीतर दारंच उघडणार नाहीत. मात्र गाडीचं पुस्तक आधी वाचा. टपावर किती वजन चालतं ते त्यात असतं, आणि दारांच्या वर एअरबॅग असतील तर त्यांच्याबद्दलची सूचनाही.

फळीची मेण लावलेली बाजू खाली, मागचे पंख वर आणि गाडीच्या पुढच्या बाजूला. असं केलं की टोकाचा बाक खाली झुकतो, आणि फळी मागे सरकू लागली तर पंख पट्ट्याला अडतात. बकल साधं घ्यावं. खटखट आवळायच्या रॅचेटने फळीच चेपते. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे तो वाऱ्यात भुणभुणत नाही. नऊ फुटी फळी असेल तर पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळी दोरी हवी. फळ्या एक-दोनच, चळत नको. आणि दोन-चार मैलांवर सुरक्षित जागा बघून थांबा, पट्टे पुन्हा ओढून बघा. पावसात पट्ट्यावरून पाणी आत ठिबकतं, ते सोसा.

या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. पण पंधरा मिनिटं म्हटलं की आपल्याला 'जुगाड' आठवतो. या शब्दाचा हल्ली फार उदोउदो चाललाय. अहो, आमच्या गावाकडे कडब्याची गाडी भरणारा गडी शाळेची पायरी चढलेला नसे. पण चऱ्हाट टाकून, पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून आवळल्याशिवाय तो बैल जुंपत नसे. निरगाठ कुठे मारायची आणि सुरगाठ कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कमी साधनात काम चोख करणं ही अक्कल. साधन नाही म्हणून काम अर्धवट सोडणं हा निव्वळ आळस. त्याला जुगाडाचं गोंडस नाव देऊ नका.

लाटेवर तुम्ही स्वतःचा जीव धोक्यात घालता, ती तुमची हौस. खुशाल करा. पण रस्त्यावर दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

पटलं तर बघा. नाही पटलं, तर निदान तुमच्या मागे माझी गाडी येऊ देऊ नका.