पहिली चूक पुतळ्यावर होऊ द्या

यवतमाळमध्ये नर्सिंग किंवा पॅरामेडिकलच्या मुलांसाठी स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायची प्रयोगशाळा, मागितली की एक उत्तर हमखास मिळतं: पुतळे मुंबई-पुण्याला लागतात, आपल्याकडे पेशंटच रग्गड आहेत. उत्तर व्यवहारी वाटतं, पण ते साफ चूक आहे.

पेशंट वेळापत्रक बघून येत नाहीत. 2017च्या फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात भिनलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, छाती भरून येते. अशा वेळी सक्शन करायचं, ऑक्सिजन लावायचा, अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या प्रत्येक डोसनंतर नाडी आणि छाती तपासून नोंद करायची. ज्या मुलीची वॉर्डातली पाळी फेब्रुवारीत लागली, तिला हे कुठे दिसणार? सप्टेंबरात लागली तरी गुदमरणाऱ्या माणसावर तिने पहिल्यांदा नळी धरायची का?

शिवाय खाटेभोवती घोळका जमला की हात पुढे येतो तो धीट मुलाचा. कोलाम आदिवासींच्या पोडावरून किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेली, इंग्रजी संज्ञांनी बुजलेली मुलगी मागे राहते. कुबडी घेऊन उभा असलेला मुलगा त्याहून मागे. वर्षाअखेरीस ‘कच्चे’ हा शेरा मात्र या दोघांनाच. पुतळ्यासमोर प्रत्येकाची पाळी येते, चुकलं तर पुन्हा करता येतं आणि कुणाचा जीव जात नाही. म्हणून स्किल लॅब आणि समावेशक शिक्षण या माझ्या लेखी दोन मागण्या नाहीतच.

सगळ्यांना सामावून घेतलं की दर्जा घसरतो, असंही म्हणतात. त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, अगदी इंजेक्शन देण्यापर्यंत. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता.

राहिला खर्चाचा मुद्दा. त्यासाठी एक उदाहरण पुरे. 31 जानेवारी 2021ला घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथे 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण कारवाईने हाताला सवय लागत नाही. बाटली उचल, लेबल मोठ्याने वाच, शेजारणीला दाखव, मग थेंब टाक. हा सराव रिकाम्या बाटल्यांवर होतो. त्याला लाखांचं यंत्र कशाला?

पुतळा घाबरत नाही, ही त्याची उणीव मला मान्य आहे. मग पेशंटचं सोंग घेणारं माणूस बसवा. ‘जीव घाबरून राह्यला’ म्हणणारा वऱ्हाडी म्हातारा, फक्त बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी आजी. त्या खुर्चीसमोर तांड्यावरची मुलगी वर्गात पहिली असेल आणि बाकीचे तिच्याकडून शिकतील.

यंदाच्याच सत्रापासून सरावाची टेबलं बसूनही हात पोचेल एवढ्या उंचीची करावीत, सूचना आणि तोंडी परीक्षा मराठीत ठेवावी. आणि लॅबची किल्ली पाहुण्यांच्या भेटीसाठी कपाटात राखून न ठेवता संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलांच्या हाती द्यावी.