चूक वहीत लिहावी



मागच्या पंधरवड्यात आपल्या मैदानावर मुलांचा बेसबॉलचा सराव सामना झाला. शेवटच्या डावात दोन जण बाद होते. तिसऱ्याने मारलेला चेंडू हळू, सरळ आठवीच्या एका मुलाकडे आला आणि त्याच्या हातातून निसटला. बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला. पुढच्याने होमरन मारला. दोन धावा झाल्या आणि त्या मुलाचा संघ हरला.

सामन्याची वही नववीची एक विद्यार्थिनी लिहीत होती. निसटलेल्या चेंडूपुढे तिने ‘एरर’ऐवजी ‘हिट’ लिहिले. विचारले तर म्हणाली, “सर, तो रडत होता. त्याची चूक कशी लिहू?”

मुलीचे मन चांगले आहे. तरीही तिने योग्य केले असे मला वाटत नाही.

बेसबॉलमध्ये हा निर्णय अंपायर नव्हे, अधिकृत स्कोअरर देतो. त्याची कसोटी सोपी आहे. साधारण प्रयत्नाने बाद होणारा खेळाडू चुकीमुळे वाचला, तर ती एरर. अवघड चेंडूसाठी झेप घेऊन हुकला, तर एरर नाही. एररमुळे बेसवर आलेल्या बॅटरला हिट मिळत नाही. आणि ज्या चेंडूवर तिसरा बाद होऊन डाव संपायला हवा होता, त्यानंतरच्या धावा फळ्यावर लागतात, पण पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. म्हणजे वहीत एरर असती तर आपल्या पिचरच्या नावावर त्या दोनपैकी एकही धाव नसती. ‘हिट’ लिहिल्याने दोन्ही त्याच्यावर आल्या. सामन्याचा निकाल बदलला नाही. एकाची चूक फक्त दुसऱ्याच्या खात्यावर गेली.

क्रिकेटच्या धावपत्रकात तर सुटलेल्या झेलासाठी रकानाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषक या शालेय स्पर्धेत प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. विक्रम खराच आहे. पण समोरची मुले लहान होती, अनेक झेल सुटले, हे लोकांना वर्तमानपत्रांतून कळले. धावपत्रकात मात्र सगळ्या धावा गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या नावावर दिसतात.

पालकहो, ही गोष्ट फक्त मैदानाची नाही. “सर, दोन गुण वाढवा, मूल नाराज होईल,” असे आपण म्हणता आणि कधी कधी शिक्षकांचेही मन विरघळते. ते दोन गुण कुणा मेहनती मुलाच्या पुढे जातात. त्याला कुणी विचारलेले नसते.

आमचीही एक जबाबदारी आहे. चूक लिहिली म्हणून मूल हिणवले जाणार असेल, तर कोणताही स्कोअरर खरे लिहिणार नाही. म्हणून वहीतील ती नोंद दुरुस्त केली आहे. आणि पुढच्या सामन्यात तोच मुलगा त्याच जागी उभा राहील, असे क्रीडा शिक्षकांना सांगितले आहे. त्याला हसणाऱ्याने आधी माझ्याकडे यावे.

— मुख्याध्यापक