वाय दाबण्याआधी...

मागच्या शनिवारी ताईचा फोन. "अरे, दिवे गेले आणि आता तुझं ते उबुंटू सुरूच होत नाहीये. काळ्या पडद्यावर काहीतरी विचारतंय." मी थेटरच्या रांगेत. म्हटलं, "एफएससीके चालव आणि विचारेल त्याला वाय दाबत राहा."

मशीन सुरू झालं. भाचीच्या पहिल्या वर्षाच्या फोटोंचं फोल्डर मात्र रिकामं. लॉस्ट+फाउंडमध्ये नुसते आकडे असलेल्या फायली, त्यातल्या निम्म्या उघडत नाहीत.

अशा वेळी सगळे एफएससीकेला शिव्या घालतात. माझं म्हणणं, चूक आपली आहे. एफएससीके म्हणजे तलाठी. सातबाऱ्याच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या की त्याचं काम संपलं. फायलीचं नाव हरवलं? नंबर लावून लॉस्ट+फाउंडमध्ये. नोंदच बिघडली? पुसून टाका. दप्तर चोख झालं, जमीन गेली! तुमचा डेटा वाचवायचं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं.

"पण जर्नल असतं ना?" असतं. ईएक्सटी घराण्यात २००१ साली ईएक्सटी३ बरोबर आलं. पण आजच्या ईएक्सटी४ मध्येही नेहमीच्या सेटिंगला जर्नलात फक्त नोंदी जातात, फायलीतला मजकूर नाही. आणि डिस्कच खराब होत असेल तर जर्नल तरी काय करणार?

गंमत बघा. बूट होताना एफएससीके निर्धोक दुरुस्त्या स्वतःच करतो. शंका आली की थांबतो आणि सांगतो, मला हाताने चालवा. म्हणजे, इथे माणसाचं डोकं हवंय. आणि आपण डोकं वापरायच्या जागी 'उणे वाय' देऊन मोकळे! बीटीआरएफएसचं मॅन्युअल तर स्वतःच बजावतं की जाणकाराला विचारल्याशिवाय रिपेअर चालवू नका. वाचतो कोण?

खरा क्रम असा. त्या डिस्कवर काहीही लिहू नका. पेन ड्राइव्हवरून बूट करा, डिस्क माउंट न करता डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत काढा. त्या प्रतीवर आधी 'उणे एन' देऊन एफएससीके चालवा. तो काही बदलत नाही, फक्त काय बिघडलंय ते सांगतो. ते वाचा. मग दुरुस्ती, तीही प्रतीवरच. यात अख्खी दुपार जाते, मान्य.

बॅकअप? नव्हता. तोही मीच लावून देणार होतो, दिवाळीपासून.

ताई मला काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.