खाचरातला रंगीत पाणलावा

भातकरी घरातल्या लहान पोरालाही बगळा, ढोकरी, टिटवी ओळखू येते. पाणलाव्याची मात्र ओळख नसते. हा पक्षी खाचरात राहतो, तिथेच अंडी घालतो. पण दिवसभर लव्हाळ्यात दडून बसतो आणि पहाटे किंवा सांजावल्यावरच चरायला निघतो. बांधावर आयुष्य काढलेल्या माणसांनीही तो पाहिलेला नसतो, तो त्यामुळेच.

यंदा भाद्रपदात कान्हे शिवारात गावातली काही तरुण मंडळी दुर्बिणी घेऊन भल्या पहाटे पक्षी पाहायला निघाली, त्यांच्याबरोबर मीही होतो. इंद्रायणी भात पोटरीत आले होते. (वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण आता मावळची ओळखच झाला आहे.) त्याला लागून एक खाचर पडीक होते, पाणी साचलेले, गवत माजलेले. तिथे तो दिसला. गडद तांबूस मान, डोळ्याभोवती पांढरे कडे, खांद्यावरून पांढरा पट्टा, लांब चोच. एक पोरगा हळूच म्हणाला, "नर काय देखणा आहे!"

ती मादी होती. बहुतेक पक्ष्यांत नर नटवा आणि मादी साधी. पाणलाव्यात सारे उलटे. मादी नरापेक्षा थोराड आणि रंगाने उठावदार. साद घालते तीही तीच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा तो आवाज असतो. बहुधा चार अंडी घालून ती दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. दोन-तीन आठवडे अंडी उबवणे आणि पिले वाढवणे हे काम नराचे. थोड्या वेळाने मातकट रंगाचा नर गवतातून पुढे आला, मागे तीन पिले. बेणणीला आलेल्या बायकांना हे सांगितले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "साहेब, हा रिवाज आमच्याकडे कधी यायचा?" हशा पिकला. सुगरणीचेही असेच आहे म्हणा. खोपा विणतो नर, नाव मात्र बाईचे. डॉ. सलीम अलींनी १९३० साली किहीमला बसून त्यांचा संसार बारकाईने पाहिला होता.

मावशींचा पुढचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. "खेकडे बांध पोखरतात, पाणी निघून जातं. औषध टाकायचं नाही तर काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. बांध फुटला की वरचे खाचर कोरडे पडते आणि खालच्यात माती येते. पण भातात औषध कालवून ते बांधावर मोकळे फेकणे मला अजिबात मान्य नाही. पाणलावा किडे, गोगलगाई, लहान खेकडे आणि सांडलेले दाणेही खातो. ते आमिष त्याच्या पोटात जाते, कोंबड्यांच्याही जाते. शिवाय त्याच खाचरातले खेकडे पोरे रात्री बत्ती घेऊन धरतात आणि घरी त्यांचा रस्सा होतो, हे विसरून कसे चालेल? आमिष वापरायचेच झाले तर शिफारस केलेल्या औषधाचे, हातमोजे घालून, जित्या बिळात आत सारावे आणि तोंड लगेच चिखलाने बुजवावे. त्या खाचरातले खेकडे मग खाऊ नयेत. कुणाच्या कोठीत जुने फोरेट पडले असेल तर ते मुळीच काढू नये. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशभर बंदी आहे.

पडीक खाचराचे म्हणाल तर त्यात मुरूम टाकून प्लॉट पाडायचे असतील, तिथे माझे काही चालत नाही. पण नुसते गवत काढायचे असेल तर पिले उडती होईपर्यंत एक कोपरा राहू द्यावा. त्याने भाताचे फारसे बिघडत नाही. कापणीच्या वेळीही चारी बाजूंनी आत कापत गेलात तर गवतातला जीव मधोमध कोंडतो. एका बाजूने सुरुवात करून ओहोळाच्या अंगाला कापत जावे, म्हणजे त्याला निघून जायला वाट राहते.